वाघाच्या तोंडातला माणूस

पॅरिसच्या सेर्नुस्की संग्रहालयात एक वाघीण बसली आहे. उंची दीड वीत. ब्राँझची, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी ओतलेली, आणि मुळात मद्य ठेवायचं भांडं. मागचे दोन पाय आणि शेपूट अशा तिन्हींवर तिनं अंगाचा भार टाकला आहे. पुढच्या पंजांनी एका माणसाला छातीशी धरलं आहे, आणि जबडा असा उघडला आहे की त्या माणसाचं डोकं नेमकं तिच्या वरच्या दातांखाली आलं आहे. माणूसही तिला बिलगला आहे. त्याची पावलं तिच्या मागच्या पंजांवर टेकली आहेत. लहान पोर बापाच्या पावलांवर पाय ठेवून उभं राहतं तशी. मान वळवून तो बाजूला बघतो. चेहरा शांत आहे. किंचाळणं नाही, धडपड नाही, सुटायची घाई तर मुळीच नाही.

ही वाघीण माणसाला खाते आहे की सांभाळते आहे?

चिनी अभ्यासकांमध्ये या भांड्याचं रूढ नाव आहे ‘हू शी रन यौ’, म्हणजे ‘वाघ माणूस खातो’ अशा घडणीचं यौ. यौ हा मद्यपात्राचा एक प्रकार. पॅरिसची मंडळी मात्र याला नुसतं ‘वाघीण’ म्हणतात. म्हणजे नाव ठेवतानाच दोघांनी आपापला निकाल देऊन टाकला: एकाला भक्ष्य दिसलं, दुसऱ्याला आई. याच घडणीचं दुसरं भांडं जपानात क्योतोला सुमितोमो घराण्याच्या संग्रहात आहे. दोन्ही हूनान प्रांतातून बाहेर पडली असं सांगतात; पण ती कोणत्या खड्ड्यातून निघाली, शेजारी काय होतं, याची नोंद कुणी ठेवली नाही. वस्तू आली आणि तिची साक्ष मागेच राहिली.

वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, असं आपण म्हणतो. प्राचीन चीनमधल्या कारागिरांना ही म्हण ऐकवली असती तर त्यांनी मान डोलावली असती, आणि मग म्हणाले असते की खाण्याआधीच्या त्या एका क्षणाचं काय? जबडा उघडा आहे आणि अजून मिटलेला नाही, तो क्षण. पुढच्या पानांत जी चित्रं आहेत त्यांतल्या कितीतरी वाघांची तोंडं त्याच क्षणी थांबलेली आहेत.

हा जबडा पहिल्यांदा पॅरिसला दिसत असला, तरी तो एकटा नाही. हनान प्रांतातल्या आन्यांगजवळ शांग राजांची शेवटची राजधानी होती. तिथल्या वूग्वान गावात १९३९ साली शेतकऱ्यांना एक प्रचंड चौकोनी कढई सापडली. वजन ८३२.८४ किलो, प्राचीन चीनमधलं याहून जड ब्राँझचं भांडं आजवर मिळालेलं नाही. मुलूख तेव्हा जपानी फौजांच्या ताब्यात होता. गावकऱ्यांनी आधी ती करवतीनं कापून पाहिली, जमेना म्हणून परत पुरून टाकली. आज ती बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या उभ्या कानांवर दोन वाघ समोरासमोर तोंडं वासून उभे आहेत आणि दोघांच्या मधोमध माणसाचं मुंडकं आहे. दोन कानांपैकी एक हरवला, तो मागाहून दुसऱ्यावरून बनवून बसवला.

तेच चित्र फू हाओच्या परशूवर. १९७६ साली चंग चनश्यांग या पुरातत्त्वज्ञ बाईंच्या देखरेखीखाली आन्यांगला एक न लुटलेली कबर उघडली. ती शांग राजा वू दिंग याच्या राण्यांपैकी एकीची निघाली, काळ इसवी सनापूर्वी सुमारे १२००. आत ७५५ जेडच्या वस्तू होत्या. अंतःपुरात बसून राहणारी ही राणी नव्हती: तेरा हजारांची फौज घेऊन ती मोहिमेवर गेल्याचा उल्लेख भविष्य पाहण्याच्या हाडांवर कोरलेला आहे. तिच्या नऊ किलोच्या परशूवर पुन्हा ते दोन वाघ, मध्ये ते मुंडकं. लढाईत फिरवायला हा परशू फार जड आहे. तो धरायचा होता दिसण्यासाठी. माणसाचं डोकं उडवायचा अधिकार कुणाच्या हातात आहे हे सांगण्यासाठी.

आणि मग आनह्वेई प्रांतातलं फूनान. १९५७ साली तिथं मिळालेल्या मद्यपात्रावर वाघाचं डोकं एकच आहे, समोरून पाहिलेलं. धडं मात्र दोन, डावीउजवीकडे पसरलेली. जबड्याखाली हातपाय फाकून बसल्यासारखा माणूस. जवळजवळ तसंच पात्र १९८६ मध्ये सिच्वानच्या सानशिंगद्वेईत पहिल्या खड्ड्यातून निघालं. या दोन ठिकाणांत हजार किलोमीटरहून जास्त अंतर, मध्ये डोंगर आणि नद्या. एवढ्या दूरवर गेलेलं चित्र म्हणजे नुसती एखाद्या ओतकाम्याची लहर नव्हे.

इथं जरा कारखान्यात डोकावलं पाहिजे, कारण एका डोक्याला दोन धडं का, याचं अर्धं उत्तर भट्टीजवळ आहे. आपल्याकडे मूर्तिकार मेणाची मूर्ती करतो, तिच्यावर माती चढवतो आणि मेण वितळवून टाकतो. शांग कारागिराची पद्धत निराळी होती. तो आधी मातीचा नमुना करी, त्याच्यावर ओल्या मातीचा थर दाबून बसवी, आणि तो थर उभा कापून तुकड्यातुकड्यांनी सोडवून घेई. हेच तुकडे पुन्हा जुळवले की झाला साचा. जिथं दोन तुकडे भिडतात तिथं सांधा येतो. सांधा लपवण्यापेक्षा त्यालाच नाक केलं तर? मग सांध्याच्या दोन्हीकडे बाजूनं दिसणारा एकेक प्राणी काढायचा. दोघांची तोंडं सांध्यावर भिडली की समोरून पाहणाऱ्याला एक अख्खा चेहरा दिसतो: डोळे वटारलेला, खालचा जबडा नसलेला. हाच तो ‘थाओथ्ये’ मुखवटा; हे नाव या भांड्यांना मागाहून, सोंग काळातल्या विद्वानांनी चिकटवलं. त्यात कधी बैल दिसतो, कधी मेंढा, पुष्कळदा वाघ. हात ठेवून अर्धा चेहरा झाका, वाघ बाजूला उभा राहतो. हात काढा, तो तुमच्यावर चालून येतो. पुढची चित्रं पाहताना हा खेळ करून पाहावा. पट्टे शोधत बसू नये, ते कित्येकदा नसतातच. गोल कान, वासलेलं तोंड आणि टोकाला वर वळलेली शेपटी एवढ्यावर ओळख पटते.

बाकीच्या अर्ध्या उत्तरावरून विद्वानांचं जुंपलेलं आहे. मॅक्स लेर यांनी १९५३ मध्ये आन्यांगच्या ब्राँझ-नक्षीची पाच शैलींत मांडणी केली. नक्षी हळूहळू नक्षीतूनच वाढत गेली, तिला आधीपासून ठरलेला अर्थ असेलच असं नाही, अशी त्यांची भूमिका होती. हार्वर्डचे मानवशास्त्रज्ञ चांग क्वांग-चि यांना हे मुळीच पटेना. त्यांच्या मते वासलेलं तोंड ही दोन जगांमधली चौकट. माणूस म्हणजे पितरांशी बोलणारा शामान, आपल्याकडच्या भगतासारखा. आणि वाघ त्याचा वाटाड्या. जबड्यातून निघणाऱ्या श्वासाबरोबर तो पलीकडे जातो.

मला लेर यांचा कोरडेपणा आवडतो, पण तेवढ्यावर माझं समाधान होत नाही. नुसती नक्षी असती तर मुंडक्याची गरज काय होती? चांग यांचा वाटाड्या मोहक आहे, मात्र फू हाओच्या परशूवर तो बसत नाही. तिथं वाघ कुणाला पलीकडे नेत असेल तर एकाच अर्थानं. मला वाटतं, खाणं आणि सांभाळणं हे दोन वेगळे पर्याय आहेत हे आपणच धरून चाललो आहोत. ज्या शक्तीच्या दातांखाली डोकं दिलं आहे तीच शक्ती इतर सगळ्यांपासून राखते, हा अनुभव राजाच्या छायेत राहणाऱ्या कुठल्याही माणसाला नवा नव्हता.

वाघिणीच्या बाजूनं एक साक्ष मात्र नोंदवायला हवी. छू या दक्षिणेकडच्या राज्यात, ज्याच्या प्रदेशात पुढे हूनानचा मोठा भाग आला, त्झवन नावाचा एक प्रधान होऊन गेला. तो लग्नाबाहेरचं मूल, म्हणून युनमंगच्या दलदलीत टाकून दिलेला. शिकारीला गेलेल्या आजोबांनी पाहिलं तर वाघीण त्याला पाजत होती. त्याचं नाव पडलं ‘वाघिणीनं पाजलेला’, तेही छूच्या बोलीतल्या शब्दांत. ‘त्स्वोच्वान’ या जुन्या इतिहासग्रंथात ही हकिकत आहे. भांडी त्या प्रधानाच्या कितीतरी शतकं आधीची, त्यामुळे हे चित्र त्याचं असणं शक्य नाही; पण अशी गोष्ट जिथं सांगितली जाते त्या मुलखात वाघिणीच्या कुशीतला माणूस घाबरलेला नसेल, हे समजू शकतं. पुढे हान काळात बान कू या इतिहासकारानं आपलं घराणं याच प्रधानापासून निघाल्याचं लिहिलं. ‘बान’ म्हणजे पट्टे. योगायोग असा की इसवी सन ७९ मध्ये राजधानीत शास्त्रार्थ भरला तो ‘पांढऱ्या वाघाच्या’ दालनात, आणि त्याचा वृत्तान्त लिहिण्याचं काम आलं या पट्टेवाल्यांच्या वंशजाकडे.

हे सगळं वाचताना वाघ खरोखर होते हे विसरायला होतं. शांग काळी उत्तर चीन आजच्याहून उबदार आणि जास्त दमट होता. हनानमध्ये हत्तीदेखील होते. वाघ गावाच्या वेशीवर येत. राजाच्या शिकारीच्या नोंदी हाडांवर आहेत, आणि त्यांतलं एक हाड स्वतः वाघाचंच आहे. ते टोरांटोच्या रॉयल ओंटारिओ संग्रहालयात आहे: शेवटच्या शांग राजानं मारलेल्या मोठ्या वाघाच्या पुढच्या पायाचं हाड. एका बाजूला शिकारीची तारीख-वार नोंद, दुसऱ्या बाजूला मुखवट्यांची नक्षी आणि खाचांमध्ये फिरोजा. वाघाच्या हाडावर वाघाच्या मरणाचा दाखला. त्या काळच्या लिपीत वाघाचं अक्षरही अजून चित्रच होतं: उभा केलेला प्राणी, मोठं तोंड, अंगावर पट्टे.

आता भांडी बाजूला ठेवून वर पाहू, कारण चिनी वाघाचं सर्वांत मोठं चित्र आभाळात आहे आणि ते आपल्यालाही दिसतं.

१९८७ साली हनानमधल्या पूयांगला, शीश्वेपो इथं, सहा हजार वर्षांहून जुनी एक कबर सापडली. प्रौढ पुरुषाचा सांगाडा, डोकं दक्षिणेला. त्याच्या पूर्वेला शिंपल्यांनी मांडलेला ड्रॅगन, पश्चिमेला शिंपल्यांचाच वाघ. पायाशी शिंपल्यांचा त्रिकोण आणि त्याला जोडून माणसाची दोन नडगीची हाडं. त्यात काही अभ्यासकांना सप्तर्षी दिसतात. यानंतर चार हजार वर्षं उडी मारून हूबेईत यावं. त्संग राज्याचा सामंत यी इसवी सनापूर्वी ४३३ च्या सुमारास पुरला गेला. १९७८ मध्ये त्याच्या कबरीतून ६५ घंटांचा संच निघाला आणि जग तिकडे धावलं. त्या गडबडीत एका लाखेच्या पेटीकडे लोकांचं लक्ष जरा उशिरा गेलं. तिच्या झाकणावर मधोमध सप्तर्षींचं अक्षर आहे, भोवती अठ्ठावीस नक्षत्रांची नावं, एका बाजूला ड्रॅगन आणि दुसऱ्या बाजूला वाघ. पूयांगच्या शिंपल्यांपासून या पेटीपर्यंत एकच धागा आहे असं ठामपणे म्हणणं मला धाडसाचं वाटतं. पण दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की अंगावर काटा येतो हेही खरं.

अठ्ठावीस नक्षत्रं म्हटल्यावर मराठी वाचक थबकेल, आणि थबकावंच. आपली नक्षत्रं सत्तावीस, अभिजित धरलं तर अठ्ठावीस. कुणी कुणाकडून घेतली यावर एकोणिसाव्या शतकात बिओ, वेबर, व्हिटनी असे युरोपीय पंडित तावातावानं भांडले. तो वाद इथं नको. चिनी ज्योतिषात पश्चिमेच्या सात नक्षत्रांचा मिळून ‘पांढरा वाघ’ होतो, आणि त्या सातांत आपली ओळखीची मंडळी आहेत: अश्विनीचे तारे, भरणीचे, कृत्तिकांचा पुंजका, रोहिणी. शेवटी येतो मृग. आपण त्यात काय पाहतो? चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय, मधले तीन म्हणजे रुतलेला बाण, बाण मारणारा व्याध थोड्या अंतरावर, आणि वरचा तीन अंधूक ताऱ्यांचा झुबका म्हणजे हरणाचं डोकं, मृगशीर्ष. टिळकांनी १८९३ च्या आपल्या ‘ओरायन’ ग्रंथात वेदांचा काळ ठरवायला याच डोक्याचा आधार घेतला. इसवी सनापूर्वी १०० च्या सुमारास सिमा छिएन या चिनी इतिहासकारानं आभाळावर एक प्रकरण लिहिलं. त्यात बाहेरचे चार तारे म्हणजे वाघाचे खांदे आणि मांड्या आहेत. वरचे तीन लहान तारे म्हणजे वाघाचं डोकं.

तेच चार, तेच तीन. ज्या नक्षत्राच्या पावसावर आपला शेतकरी पेरणी करतो त्याच ताऱ्यांत एका देशाला हरीण दिसलं आणि दुसऱ्याला वाघ.

पश्चिम, शरद ऋतू, धातू, पांढरा रंग आणि मृत्युदंड ही सगळी पुढे या वाघाच्या खाती जमा झाली. शरदात पानं गळतात, आणि गुन्हेगारांना देहान्तही शरद-हिवाळ्यातच द्यायचा असा हानांचा रिवाज. ‘चौली’ या ग्रंथात सहा दिशांना सहा जेडच्या वस्तू नेमून दिल्या आहेत आणि पश्चिमेला पांढऱ्या जेडचा वाघ. कोष्टक सुबक आहे. कबरींतले जेडचे वाघ मात्र ते पाळत नाहीत. बहुतेकांना भोक पाडलेलं आहे आणि ते गळ्यात किंवा कमरेला लटकवायचे होते. कोष्टकं मागाहून येतात.

वाघाचा राज्यकारभारातला उपयोग मला या सगळ्यात फार चतुर वाटतो. वाघाच्या आकाराची बोटभर ब्राँझची वस्तू, डोक्यापासून शेपटीपर्यंत उभी दुभंगलेली. उजवी बाजू राजाकडे, डावी सरहद्दीवरच्या सेनापतीकडे. तिला ‘हूफू’ म्हणत. राजाचा माणूस उजवा अर्धा घेऊन येई. खाचा जुळल्या तरच फौज हलायची. शीआनच्या वेशीबाहेर १९७० च्या दशकात अशी एक डावी बाजू शेतात सापडली. लांबी ९.५ सेंटिमीटर, अंगावर सोन्यानं भरलेली चाळीस अक्षरं. मजकूर अगदी सरकारी: उजवा भाग अधिपतीकडे, डावा दू या ठिकाणी, चिलखती शिपाई पन्नासाहून जास्त हलवायचे तर दोन भाग जुळले पाहिजेत, इशाऱ्याचा जाळ पेटला असेल तर थांबू नये. छिनच्या अधिपतीला त्यात ‘राजा’ म्हटलेलं नाही, त्यावरून ती इसवी सनापूर्वी ३२५ च्या आधीची, कारण त्या साली त्यानं राजा ही पदवी घेतली.

अशा खुणेचं वैगुण्य काय, तेही सिमा छिएननं सांगून ठेवलं आहे. इसवी सनापूर्वी २५७ मध्ये छिनच्या फौजेनं चाओ राज्याच्या राजधानीला वेढा घातला. शेजारच्या वेई राज्यानं मदतीला सेनापती चिन बी याला पाठवलं, आणि मग घाबरून वाटेतच थांबवलं. वेईच्या राजाचा धाकटा भाऊ सिनलिंग याची बहीण वेढ्यात अडकलेली. शहराच्या वेशीवरच्या सत्तरीच्या दरवानानं त्याला युक्ती सुचवली: राजाची आवडती राणी रूची हिच्या बापाच्या मारेकऱ्याचा सूड तुम्ही घेतला होता, राजाच्या शेजघरातला वाघाचा अर्धा तिला आणायला सांगा. तिनं आणला. छावणीत दोन अर्धे जुळले, खाच न् खाच बसली. आणि तरीही चिन बी म्हणाला, तुम्ही एकटेच कसे आलात? सिनलिंगबरोबर चू हाय नावाचा खाटीक होता, त्याच्या बाहीत चाळीस चिनी शेरांची लोखंडी गदा. संशयाचं निरसन तिनं झालं. ब्राँझनं ब्राँझची ग्वाही दिली. माणसाची द्यायला खाटीक लागला.

घरातल्या वाघाची कथा यापेक्षा साधी. दुसऱ्या शतकाच्या शेवटी यिंग शाओ या अधिकाऱ्यानं लोकांच्या चालीरीती लिहून ठेवल्या. त्यात पीचच्या झाडाखाली उभे राहणारे दोन भाऊ आहेत: उपद्रवी भुतं पकडायची, लव्हाळ्याच्या दोरीनं बांधायची आणि वाघाला खायला घालायची. म्हणून वर्षाच्या शेवटी दारावर वाघ काढायचा. पुढे तो पोरांच्या टोपीवर आणि जोड्यांवर चढला. इथं खाणं आणि सांभाळणं एकाच जबड्यात आलं. फक्त आतला माणूस जाऊन भूत आलं.

आणि वाघ खाटेखालीही गेला. हिरवट लुकण दिलेलं, बसक्या वाघाच्या घाटाचं, तोंडाच्या जागी गोल भोक असलेलं मातीचं भांडं तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या कबरींत वारंवार मिळतं. त्याचं नाव ‘हूत्झ’, वाघाचं पिल्लू. उपयोग बहुधा रात्रीच्या लघवीसाठी. सेनापती ली क्वांगनं वाघ मारला आणि त्याचा पाणउतारा करायला तसं ब्राँझचं भांडं करून घेतलं, अशी आख्यायिका आहे. नंतर थांग घराण्याच्या संस्थापकाच्या आजोबांचं नाव निघालं ली हू, म्हणजे वाघ. राजाच्या पूर्वजाचं नाव तोंडात घ्यायचं नाही, म्हणून लघवीचा वाघ घोडा झाला आणि फौज हलवणाऱ्या खुणेला माशाचा आकार आला.

सीमेवरच्या मुलखांवर इथं धावती नजर पुरे, पुढे त्यांची चित्रं बोलतील. छूचे ढोल, ज्यांच्या बैठकीचे वाघ दबून बसले आहेत आणि त्यांच्या पाठीवर उंच मानेचे पक्षी उभे आहेत. सिच्वान-हूबेईकडचे बा लोक, ज्यांचा मूळपुरुष मेल्यावर पांढरा वाघ झाला. युन्नानमधल्या लीच्याशान इथला १९७२ साली मिळालेला ब्राँझचा बैल: त्याच्या शेपटीला वाघ लोंबकळतो आहे आणि पोटाखाली एक छोटा बैल निवांत उभा आहे. हबेईतल्या चोंगशान राजाच्या कबरीतला सोन्याचांदीनं जडवलेला वाघ, हरणाला तोंडात धरून वळलेला. त्याच्या पाठीत पडद्याची चौकट खोचायची होती. आणि शीआनजवळ, इसवी सनापूर्वी ११७ मध्ये चोविशीच्या आत-बाहेर वारलेल्या हो छ्वीबिंग या सेनापतीच्या कबरीवरचा दगडी वाघ: धोंडा जसा होता तसाच ठेवून चार रेघांत कोरलेला. मला तो सगळ्यांत जिवंत वाटतो.

पान उलटल्यावर पहिलं चित्र पॅरिसच्या वाघिणीचं आहे. नजर आधी जबड्याकडे जाईल, मग त्या माणसाच्या चेहऱ्याकडे. तिथून थोडं वर जा. भांड्याला झाकण आहे, नेमकं वाघिणीच्या डोक्यावर, आणि झाकण उचलायला एक मूठ हवी म्हणून कारागिरानं तिथं एक छोटंसं हरीण उभं केलं आहे. त्याचे कान टवकारलेले आहेत.